‘आणि पार्टी’

माझ्या आजोबांच्या जलशाचे एक हँडबिल माझ्याकडे आहे. कागद पिवळा पडला आहे, घडीवर फाटला आहे. वर ‘जयभीम’, खाली गावाचे नाव, ‘रात्रौ ठीक ९ वाजता’. मग ठळक टायपात शाहिरांचे नाव आणि त्याखाली बारीक टायपात दोनच शब्द : ‘आणि पार्टी’. आजोबा त्या पार्टीत होते. ढोलकी त्यांची. त्यांच्याबरोबर डफावर कोण होते, तुणतुणे कोण धरत होते, झील ओढायला कोण उभे राहत होते, हे मी गावात आणि पाहुण्यारावळ्यांत पुष्कळ विचारले. दोन नावे मिळाली. उरलेली गेली.

१९८३ साली मी तेव्हाच्या औरंगाबादेत वसतिगृहात राहून शिकत होतो. एका मित्राकडे कुठून तरी आलेली एक कॅसेट होती. कव्हरवर जटाधारी काळ्या माणसाचा चेहरा आणि इंग्रजी अक्षरे : ‘बॉब मार्ली अँड द वेलर्स’. त्यातले इंग्रजी आम्हाला धड कळत नव्हते, कारण ते जमैकाच्या वस्तीतले इंग्रजी होते. पण ठेका कळत होता. त्या रात्री माझ्या डोक्यात जो किडा शिरला तो आजतागायत बाहेर पडलेला नाही. ‘अँड द वेलर्स’ म्हणजे सरळ आपल्या मराठीत ‘आणि पार्टी’! मग ही पार्टी कोण? पुढे इतिहासाचा मास्तर झालो, हाताला लागेल ते वाचत गेलो, आणि त्या तीन शब्दांमागची माणसे एकेक करून गोळा करीत गेलो. हा लेख त्या माणसांचा आहे. मार्लीबद्दल लिहिणारे जगात पुष्कळ आहेत.

गाणाऱ्या मंडळीचा इतिहास लिहिताना कोण आला, कोण गेला, ही बाब तळटीपेत ढकलण्याची रीत आहे. नायक मध्ये उभा असतो आणि बाकीचे येतात-जातात. मी हा क्रम उलटा करून पाहिला. कोण गेला आणि का गेला, एवढेच विचारत गेलो. तेव्हा वेलर्सची नावनिशी म्हणजे जमैकातल्या कष्टकरी काळ्या माणसाच्या पन्नास-साठ वर्षांच्या हालअपेष्टांचीच नोंदवही आहे असे दिसू लागले. परदेशी पोटासाठी जाणे, तुरुंग, कंपनी, बंदूक, कोर्ट : माणसे या वाटांनी गेली.

जमैका हे कॅरिबियन समुद्रातले बेट. इंग्रजांनी ते १६५५ साली स्पेनकडून घेतले आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या पाठीवर तेथे उसाचे मळे उभे केले. गुलामगिरी १८३४ ते १८३८ या काळात कायद्याने संपली. जमीन मात्र मळेवाल्यांकडेच राहिली. ६ ऑगस्ट १९६२ रोजी बेट स्वतंत्र झाले. खेड्यातून राजधानी किंग्स्टनमध्ये आलेली माणसे ज्या वस्त्यांत कोंबली गेली त्यांपैकी एक ट्रेंच टाऊन. मध्ये सामाईक अंगण, भोवती खोल्या, नळ सामाईक, स्वयंपाकघर सामाईक. मुंबईच्या चाळीत ज्याचे बालपण गेले आहे त्याला त्याचे चित्र वेगळे काढून दाखवायला नको.

१९६३ साली या वस्तीत सहा जणांचा गट जमला. सहा, तीन नव्हे आणि एक तर नव्हेच. बॉब मार्ली, पीटर मॅकिंटॉश म्हणजे पुढचा पीटर टॉश, नेव्हिल ऊर्फ बनी लिव्हिंगस्टन, ज्युनिअर ब्रेथवेट, आणि दोन मुली : बेव्हरली केल्सो व चेरी ग्रीन. बॉबची आई आणि बनीचे वडील एकत्र राहत, त्यामुळे ही दोन पोरे भावांसारखी एका घरात वाढलेली. पीटर खेड्यातून आलेला, गिटार येणारा. यांना शिकवले जो हिग्ज या गायकाने. तिसऱ्या गल्लीतल्या आपल्या अंगणात तो पोरांना बसवून सूर घासून घेई, कोणाचा आवाज कोणाच्या खाली बसतो ते दाखवी. फी घेतली नाही. ही सहा जणांची मोट बांधणारा आणखी एक माणूस होता, अल्विन पॅटरसन, ऊर्फ सीको. वयाने मोठा, हाताने ढोल वाजवणारा. त्यानेच त्यांना ब्रेंटफर्ड रोडवरच्या स्टुडिओ वनचा मालक क्लेमंट डॉड याच्याकडे नेले. हा सीको ध्यानात ठेवावा. या लेखात पुढे सगळे येतील आणि जातील. पहिल्या दिवशी दारापर्यंत सोबत आलेला हा माणूस १९८० च्या शेवटच्या कार्यक्रमातही ढोलापाशीच होता. त्याचे छायाचित्र कुठल्या भिंतीवर मी पाहिलेले नाही.

पहिली तबकडी ‘सिमर डाऊन’. वस्तीतल्या सुरे चालवणाऱ्या तरण्या पोरांना ‘जरा थंड घ्या’ म्हणणारे गाणे. १९६४ च्या आरंभी ते जमैकात पहिल्या क्रमांकावर गेले. मागे वाजवणारे वादक पुढे स्कॅटलाइट्स या नावाने प्रसिद्ध झाले. पोरांना मिळत होते आठवड्याला मोजके पौंड. तबकडीची मालकी डॉडची.

या सहांत सर्वांत सुरेल गळा कोणाचा, तर ज्युनिअर ब्रेथवेटचा, असे डॉडचे मत होते. काही सुरुवातीच्या गाण्यांत पुढचा आवाज त्याचाच आहे. आणि तोच सर्वांत आधी गेला. १९६४ सालीच तो अमेरिकेला निघून गेला. भांडण नाही, रुसवा नाही. जमैकातून त्या काळात घरेच्या घरे लंडनला, न्यूयॉर्कला, शिकागोला जात होती. त्यांतले हे एक. स्वतंत्र झालेल्या देशात काम नव्हते. बेटावरचा सर्वांत चांगला गळा परदेशी गेला याची नोंद कोठल्याही सरकारी तक्त्यात नसते.

मग मुली गेल्या. चेरी ग्रीनला नोकरी होती आणि पदरी लेकरू होते. तालमीला वेळेवर पोचणे तिला जमत नसे. बेव्हरली केल्सोही थोड्याच काळात बाजूला झाली. १९६५ साली स्टुडिओ वनने ‘द वेलिंग वेलर्स’ हा संग्रह काढला, त्याच्या वेष्टनावर सुटाबुटातले तीन तरुण आहेत. ‘सिमर डाऊन’मध्ये मागून जो उंच सूर ऐकू येतो तो या मुलींचा आहे हे वेष्टन पाहणाऱ्याला कळायला मार्ग नाही. ‘आपले मूळचे तीन वेलर्स’ ही जी कथा पुढे जगभर रूढ झाली तिची सुरुवात या छायाचित्रापासून होते. मी स्वतःही वर्गात कितीतरी वर्षे ‘मूळचे तिघे’ असेच सांगत होतो. चूक माझीही आहे.

फेब्रुवारी १९६६ मध्ये बॉबने रीटा अँडरसनशी लग्न केले आणि लगोलग तो अमेरिकेतल्या विल्मिंग्टन गावी आईकडे मजुरीला गेला. तबकडी पहिल्या क्रमांकावर गेलेल्या गायकाला पैशासाठी देशांतर करावे लागले! त्याच्या जागी कॉन्स्टंटाइन वॉकर हा रीटाच्या नात्यातला मुलगा गाऊ लागला. म्हणजे मार्ली नसतानाही वेलर्स होते, गात होते, तबकड्या काढत होते. त्याच एप्रिलच्या २१ तारखेला इथिओपियाचा सम्राट हायले सेलासी किंग्स्टनला आला आणि बेटावरच्या रास्ताफारी पंथाला मोठे उधाण आले. ती सभा बॉबला पाहायला मिळाली नाही; रीटाने पाहिली. ऑक्टोबरात तो परतला. तिघांनी स्वतःची कंपनी काढली, तबकड्या स्वतःच दुकानोदुकानी नेऊन विकल्या. भांडवल नव्हते, रेडिओवाले दारात उभे करीत नव्हते.

आणि १९६७ मध्ये बनी तुरुंगात गेला. गुन्हा गांजाचा. एक वर्षाहून अधिक काळ तो आत होता. ‘गांजा’ हा शब्द जमैकात आपल्याकडून गेला. १८४५ पासून १९१७ पर्यंत सुमारे ३६,००० हिंदी मजूर करारावर, म्हणजे गिरमिटावर, त्या मळ्यांत नेले गेले. बहुतेक उत्तर हिंदुस्थानातले. गुलाम सुटले तेव्हा मळेवाल्यांनी आणलेली ही स्वस्त माणसे. त्यांच्या गाठोड्यातून गांजा गेला, चिलीम गेली आणि दोन्ही शब्दही गेले. १९१३ साली सरकारने त्यावर बंदी घातली आणि पुढे तोच कायदा काळ्या गरीब तरुणाला केव्हाही उचलण्याचे हत्यार झाला. एका दडपलेल्या माणसाची वस्तू दुसऱ्या दडपलेल्या माणसाच्या बेडीला कशी कारण होते, याचे याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही.

आता दोन भावांकडे येतो, कारण या लेखाचे खरे कारण तेच आहेत. अ‍ॅस्टन बॅरेट, जन्म १९४६; कार्ल्टन बॅरेट, जन्म १९५०. अ‍ॅस्टन वेल्डिंगचे काम करणारा कामगार. विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून पहिले बेस गिटार त्याने प्लायवूडचे स्वतः केले. सत्तरच्या सुमारास हे दोघे ली पेरी या विक्षिप्त आणि विलक्षण निर्मात्याच्या वादकवर्गात होते. वेलर्स पेरीकडे आले, गाणी झाली, आणि जाताना वेलर्स या दोघा भावांना घेऊनच बाहेर पडले. पेरी चिडला, वादक पळवले म्हणाला. पण तबकड्यांच्या पैशात वेलर्सना काय मिळाले, हा त्या वेळी त्याला अवघड जाणारा प्रश्न होता.

या दोघांनी काय केले ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या ठेक्यात समेवर थाप पडते. ढोलकीवाला पहिल्या मात्रेवर घाव घालतो आणि सगळी पार्टी त्या घावावर येऊन उभी राहते. कार्ल्टनने चार मात्रांतली पहिलीच रिकामी सोडली. पाय आणि काठी दोन्ही एकदम पडतात ते तिसऱ्या मात्रेवर. ऐकणाऱ्याचे पाऊल पहिल्या मात्रेला जमीन शोधते, ती सापडत नाही, आणि शरीर आपोआप झुलते. याला तिकडे ‘वन ड्रॉप’ म्हणतात. हा ठेका कार्ल्टनने एकट्याने शोधून काढला असे मी म्हणणार नाही. किंग्स्टनच्या पुष्कळ हातांतून तो घडत होता. पण त्याचा कस कार्ल्टनच्या हातून लागला. त्या रिकाम्या जागेत अ‍ॅस्टनचा बेस चालतो. इतर संगीतात बेस मागे राहून गाण्याला आधार देतो. येथे तो स्वतःच गातो आणि गिटार मागून नुसते चिमटे काढते. मार्लीचे कोणतेही गाणे शब्द काढून ऐका. गाणे ओळखू येते ते बेसवरून. माझ्या आजोबांनी ते ऐकले असते तर पहिल्या मात्रेच्या चोरीवर ते खूष झाले असते, आणि मग म्हणाले असते, ‘पोराचं नाव काय?’

१९७२ साली आपल्याकडे मुंबईत अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचे नाव घेऊन दलित पँथर उभी राहत होती. त्याच साली लंडनमध्ये वेलर्स आयलंड या रेकॉर्ड कंपनीच्या दारात उभे होते. कंपनीचा मालक क्रिस ब्लॅकवेल हा जमैकातल्या धनाढ्य गोऱ्या घराण्यातला. त्याने चार हजार पौंड उचल दिली. एवढ्या पैशात वेलर्सनी किंग्स्टनला जाऊन ‘कॅच अ फायर’ ध्वनिमुद्रित करून आणली. यानंतर जे झाले त्यावर मी वर्गात पूर्ण तास बोलत असे. लंडनमध्ये त्या ध्वनिमुद्रणावर ब्लॅकवेलने आणखी थर चढवले. वेन पर्किन्स हा अलाबामाचा गोरा गिटारवादक आणि जॉन बंड्रिक हा कीबोर्डवादक बोलावून आणले, कारण रॉक ऐकणाऱ्या गोऱ्या पोरांच्या कानाला ते सोपे जावे. पर्किन्सने रेगे त्याआधी ऐकलेलाही नव्हता. त्याने वाजवले ते सुंदर आहे हे कबूल केलेच पाहिजे. पण वेलर्सच्या नावनिशीत हे दोघे नाहीत आणि वेलर्सच्या आवाजात मात्र आहेत. ही गंमत नोंदवून ठेवतो.

‘कॅच अ फायर’ एप्रिल १९७३ मध्ये बाजारात आली तेव्हा वेष्टनाला सिगारेट लायटरचा आकार होता, झाकण उघडले की ज्योत दिसे, आणि नाव होते ‘द वेलर्स’. चेहरा कोणाचाच नव्हता. हे वेष्टन करायला महाग पडत होते. पुढच्याच साली तीच तबकडी नव्या वेष्टनात आली : चिलमीसारखी जाड विडी ओढणारा बॉब मार्ली एकटा, आणि नाव ‘बॉब मार्ली अँड द वेलर्स’. गाणी तीच, वादक तेच, एक सूरही बदललेला नाही. वेष्टन बदलले आणि सामाईक अंगणातली मंडळी ‘आणि पार्टी’ झाली. कोणत्या बैठकीत हे ठरले, पीटर-बनीला कोणी विचारले का, हे प्रश्न बाजूला ठेवा. दोन वेष्टने शेजारी ठेवली तरी पुरे.

१९७३ चे वर्ष दौऱ्यांचे. इंग्लंडभर छोट्या क्लबांतून, थंडीत, आपल्या धर्माला चालणारे अन्न न मिळता ही माणसे वाजवत फिरली आणि किंग्स्टनला परतली तेव्हा हाताशी फारसे काही नव्हते. बनीने पुढच्या अमेरिकेच्या दौऱ्याला सरळ नकार दिला. त्याच्या जागी कोण उभा राहिला? जो हिग्ज! ज्याने दहा वर्षांपूर्वी अंगणात या पोरांना सूर शिकवला तो गुरू आता शिष्याच्या रिकाम्या जागी झील ओढायला उभा राहिला. स्लाय अँड द फॅमिली स्टोन या अमेरिकन बँडच्या आधी त्यांनी वाजवायचे होते. चार-पाच कार्यक्रमांतच त्यांना दौऱ्यातून काढून टाकण्यात आले. नोव्हेंबरात पुन्हा इंग्लंड. पीटरची छाती भरली, बर्फ पडू लागला, दौरा अर्धवट सोडून मंडळी परतली. त्यानंतर पीटरही बाहेर पडला. ब्लॅकवेलच्या आडनावातल्या ‘ब्लॅक’चा ‘व्हाइट’ करून तो पुढे आयुष्यभर बोचरी कोटी करीत राहिला.

पीटर आणि बनी यांना अहंकार नडला असे लिहिणारे आहेत. मला ते पटत नाही. एका अंगणातून आलेल्या तीन माणसांपैकी एकाचा चेहरा विकाऊ आहे असे बाजाराने ठरवले. तो एक अर्धा गोऱ्या रक्ताचा होता हे त्यात आले की नाही यावर लोक वाद घालतात. पीटरला ते आले असे वाटत होते. बॉबने कट केला असे मी म्हणत नाही. त्याने नकार दिला नाही, एवढे म्हणतो. पुढच्या काळात बनी आणि पीटर यांनी १९७६ साली आपापल्या पहिल्या स्वतंत्र तबकड्या काढल्या, ‘ब्लॅकहार्ट मॅन’ आणि ‘लीगलाइझ इट’. बनीच्या तबकडीत मागे गायला इतर दोघेही होते. तिघे एका मंचावर शेवटचे आले ते ऑक्टोबर १९७५ मध्ये, किंग्स्टनला, स्टीव्ही वंडरच्या कार्यक्रमात. बॉब आणि पीटर यांनी मिळून लिहिलेले ‘गेट अप, स्टँड अप’ हे गाणे पुढे तिघांनी तीन स्वतंत्र तबकड्यांवर ठेवले. घर वाटले गेले तरी एक भांडे तिघांच्याही चुलीवर राहिले.

१९७४ च्या ‘नॅटी ड्रेड’पासून नवा संसार. पीटर-बनीच्या आवाजांची जागा तीन स्त्रियांनी भरली : रीटा मार्ली, मार्शिया ग्रिफिथ्स, ज्यूडी मोवॅट. ‘आय थ्रीज’. यांतली मार्शिया बॉबच्या आधी इंग्लंडात गाजलेली गायिका. १९७० साली बॉब अँडीबरोबर गायलेले तिचे गाणे तेथे पहिल्या पाचांत गेले होते. ज्यूडीने १९७९ मध्ये ‘ब्लॅक वुमन’ हा स्वतःचा संग्रह काढला, जमैकन स्त्रीच्या दुःखाचा आणि ताठ मानेचा. म्हणजे १९६५ मध्ये ज्या मंडळीतून दोन बाया निघून गेल्या, तिच्यात नऊ वर्षांनी तीन बाया आल्या. त्याही मागच्या रांगेत. स्वतःच्या नावावर उभ्या राहू शकणाऱ्या स्त्रिया एका पुरुषाच्या मागे झुलत असताना जगाने पाहिल्या आणि ‘किती शोभतात’ म्हटले. आपल्या चळवळीतल्या मंचांवरही स्वागतगीत कोण म्हणते आणि खुर्चीवर कोण बसते ते वाचकांनी आठवावे.

बाकी मंडळी थोडक्यात सांगतो. कीबोर्डवर अर्ल लिंडो आला, १९७४ मध्ये अमेरिकेत दुसऱ्याकडे गेला, १९७८ मध्ये परत आला. मधल्या काळात टायरोन डाउनी आला आणि टिकला. गिटारवर अल अँडरसन हा काळा अमेरिकन. तो मध्ये पीटरच्या बँडमध्ये जाऊन वाजवून पुन्हा बॉबकडे आला. बॅरेट बंधू आणि सीको मात्र कायम. आणखी एक : ‘नो वुमन, नो क्राय’ या गाण्याचा लेखक म्हणून ट्रेंच टाऊनमध्ये गोरगरिबांना रांधून घालणाऱ्या व्हिन्सेंट फोर्डचे नाव लागले. ‘वॉर’, जे हायले सेलासीच्या १९६३ च्या संयुक्त राष्ट्रसंघातील भाषणावर बेतलेले आहे, त्यावर अ‍ॅलन कोल आणि कार्ल्टन बॅरेट यांची नावे आहेत. जुन्या प्रकाशन कंपनीच्या हाती पैसा जाऊ नये म्हणून बॉबने ही नावे घातली असे सांगतात. कारण काही असो. कागदावर नाव लागले की त्याचे पैसे त्या घरी जातात. हा मुद्दा पुढे कोर्टात येणार आहे.

३ डिसेंबर १९७६. किंग्स्टनमधील ५६ होप रोड या बॉबच्या घरात बंदुकवाले शिरले. निवडणूक तोंडावर होती आणि दोन पक्षांच्या वस्त्या एकमेकींवर गोळ्या झाडत होत्या. बॉबला गोळी चाटून गेली, रीटाच्या डोक्याला लागली, व्यवस्थापक डॉन टेलर गंभीर जखमी झाला. दोनच दिवसांनी ठरलेला कार्यक्रम बॉबने केला. मंडळी पांगली होती. अ‍ॅस्टन त्या रात्री नव्हता, बेस थर्ड वर्ल्ड बँडच्या कॅट कूरने धरला. रीटा डोक्याला पट्टी बांधून गायली. मग लंडनचा वनवास, ‘एक्झोडस’, आणि तेथे भरती झालेला ज्युनिअर मार्विन : जमैकात जन्मलेला, लंडनमध्ये वाढलेला गिटारवादक. ब्रेथवेटबरोबर १९६४ मध्ये जे स्थलांतर बाहेर गेले होते त्याचे एक लेकरू असे बँडमध्ये परत आले.

२२ एप्रिल १९७८ च्या शांतता मैफलीत बॉबने मायकेल मॅन्ले आणि एडवर्ड सीगा या दोन वैरी पुढाऱ्यांचे हात एकत्र धरून वर केले. ते छायाचित्र सर्वांना माहीत आहे. त्याच मंचावर त्याच रात्री पीटरने त्याच पुढाऱ्यांना तोंडावर खडे बोल सुनावले. त्याच वर्षी पोलिसांनी त्याला अर्धमेला होईपर्यंत मारले. त्याचे छायाचित्र फारसे कोणी लावत नाही. १७ एप्रिल १९८० च्या मध्यरात्री झिंबाब्वेचा झेंडा चढला तेव्हा मंडळी स्वखर्चाने तेथे वाजवायला गेली होती. २३ सप्टेंबर १९८० ला पिट्सबर्गमध्ये शेवटचा कार्यक्रम. ११ मे १९८१ रोजी बॉब कर्करोगाने गेला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. मृत्युपत्र त्याने केले नव्हते.

पुढची नोंद रक्ताची आहे. १७ एप्रिल १९८७ : कार्ल्टन बॅरेट, घराच्या दाराशी गोळी. ११ सप्टेंबर १९८७ : पीटर टॉश, स्वतःच्या घरात गोळी. २ जून १९९९ : ज्युनिअर ब्रेथवेट, जो जमैका सोडून गेला होता आणि उत्तरायुष्यात परत आला होता, किंग्स्टनमध्येच गोळी. पहिल्या सहांतले दोघे आणि ठेक्याचा धनी, तिघेही आपल्याच शहरात, आपल्याच माणसांच्या हातून. त्याच १९९९ च्या डिसेंबरात जो हिग्ज कर्करोगाने गेला. चेरी ग्रीन २००८ मध्ये गेली. बनी आणि सीको दोघेही २०२१ मध्ये. दरम्यान १९८४ साली कंपनीने ‘लेजंड’ हा निवडक गाण्यांचा संग्रह काढला. निवड करताना धार असलेली गाणी जाणूनबुजून वगळली, प्रेमाची आणि गोड ठेवली. तोच जगात सर्वांत अधिक खपला. वेष्टनावर अर्थातच एक चेहरा.

अ‍ॅस्टन बॅरेट २००६ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात उभा राहिला. आपण आणि दिवंगत भाऊ हे नोकर नव्हतो, भागीदार होतो. गाण्यांच्या आणि तबकड्यांच्या उत्पन्नातला आमचा वाटा द्या, हा दावा. रक्कम सुमारे सहा कोटी पौंड. समोर रेकॉर्ड कंपनी आणि मार्ली कुटुंब. न्यायाधीशाने दावा फेटाळला. मुख्य आधार १९९४ चा समझोता. त्या वेळी बॅरेटने पाच लाख डॉलर घेऊन पुढचे हक्क सोडल्याचे लिहून दिले होते.

कायद्याच्या दृष्टीने निकालात खोट काढता येईल असे मला वाटत नाही. सही त्याची होती. दुसऱ्या बाजूचेही म्हणणे ऐकले पाहिजे : शब्द आणि चाल बहुतांशी बॉबच्या, रीटाने आणि मुलांनी तो वारसा पडझडीतून सावरला, पैसा घेऊन मिटवलेले प्रकरण कितीदा उकरायचे? हे सगळे खरे धरूनही माझा प्रश्न शिल्लक राहतो. ‘चाल’ म्हणजे काय, हे ठरवताना कायदा गळ्यातून येते तेवढीच मोजतो. बेसची ओळ, पहिल्या मात्रेची रिकामी जागा, यांना चाल म्हणत नाहीत. त्यांना ‘साथ’ म्हणतात. लेखणीने केलेले ते सर्जन आणि हाताने केलेले ते काम, ही वाटणी आपल्याला नवी नाही. ती आपल्याकडे हजारो वर्षे चालली आहे. वेल्डिंग करणाऱ्या हातांनी जगाला एक नवा आवाज दिला, आणि न्यायालयात त्या हातांना सिद्ध करावे लागले की आम्ही तेथे होतो.

जलशाला बिदागी मिळे ती आधी गाडीभाड्याला, मग तेल-पिठाला आणि उरले तर सतरंजीवर सगळ्यांसमोर वाटणी, असे आजी सांगे. शाहिरांचा वाटा दुप्पट असे. त्याबद्दल कोणाची तक्रार तिने ऐकली नव्हती, कारण वाटणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होई. हँडबिल छापताना मात्र सगळे समोर नसत. छापखान्यात शाहीर एकटेच जात.

अ‍ॅस्टन बॅरेट ३ फेब्रुवारी २०२४ रोजी वारला. अकरा दिवसांनी मार्लीवरचा ‘वन लव्ह’ हा मोठा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात अ‍ॅस्टनची भूमिका त्याच्याच मुलाने, अ‍ॅस्टन बॅरेट ज्युनिअरने केली आहे. हा मुलगा मुळात ढोलवादक, म्हणजे चुलत्याच्या जागेवर बसणारा. बाप थकल्यावर बँड त्याने चालवायला घेतला. त्यांच्या जाहिरातीवर नाव असते नुसते ‘द वेलर्स’.